दोन गतींमधला सांधा : एका चार गाण्यांच्या डेथ-डूम ईपीचे प्रकरण

हे प्रकरण एका छोट्या ध्वनिमुद्रणाचे आहे. चार गाणी, एकूण लांबी २६ मिनिटे ४० सेकंद, चार वादकांचा बँड, आणि त्यांनी स्वतःच्या खर्चाने काढलेली ही पहिलीच ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा लहान ध्वनिमुद्रण. बँडचे नाव आणि गाण्यांची शीर्षके मी मुद्दाम देत नाही. ज्या दोषाची चर्चा मला करायची आहे तो या शैलीत नव्याने लिहिणाऱ्या अनेकांच्या हातून घडतो, आणि ज्यांचे हे पहिले काम आहे त्यांच्याच नावावर तो चिकटवणे मला रास्त वाटत नाही. त्यामुळे गाण्यांचा उल्लेख पहिले, दुसरे, तिसरे, चौथे असाच होईल.

ही ईपी मी तीन आठवड्यांत बारा-तेरा वेळा सलग ऐकली. पहिल्या रात्री मला ती फार आवडली, चौथ्या-पाचव्या खेपेला तिच्याविषयी चक्क राग येऊ लागला, आणि शेवटी जे मत स्थिर झाले ते या दोन्हींच्या मधले असले तरी गुळमुळीत नाही. तिसरे गाणे मला मनापासून मोठे वाटते. पहिले गाणे त्याच वादकांनी, त्याच वाद्यांवर, त्याच शैलीत वाजवूनही फसलेले आहे. दुसरे आणि चौथे यांच्याविषयीचे मत वेगळ्या कारणांनी बदलत गेले. एकाच बँडची दोन गाणी एकाच ध्वनिमुद्रणात इतकी वेगळी का उतरतात, याचा शोध घेणे हाच या लेखनाचा हेतू आहे.

शैलीकडून अपेक्षा काय असते

डेथ-डूम हे हेवी मेटल संगीतातील डेथ मेटल आणि डूम मेटल या दोन घराण्यांचे मिश्रण आहे आणि त्या दोघांच्या मूळ प्रवृत्ती एकमेकींच्या विरुद्ध आहेत. डूमचा उगम ब्लॅक सॅबथच्या १९७० सालच्या पहिल्या अल्बममध्ये मानतात. त्या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी हा डावखुरा. वयाच्या सतराव्या वर्षी कारखान्यातील अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली, म्हणजे नेमकी तारा दाबणाऱ्या हाताची. बोटांवर घरगुती टोपणे चढवून तो वाजवू लागला, हलक्या तारा वापरू लागला, आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपर्यंत त्याने गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरवली होती. सैल झालेल्या तारांचा तो रुंद, जड आवाज पुढे डूमची ओळख ठरला. डूममध्ये एक स्वर वाजतो, लांबतो, विरतो, आणि तो पुरता विरण्याआधी पुढचा घाव पडतो. श्रोत्याचे लक्ष घावाइतकेच त्या विरण्यावर असते.

डेथ मेटलला विरणे परवडत नाही. तिथे उजवा हात एकाच तारेवर सतत थरथरत राहतो, ड्रमवर ब्लास्ट बीट, म्हणजे अतिवेगवान ठोक्यांचा अखंड मारा, चालतो, गायक गळ्यातील खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांना कंप देऊन खोल गुरगुराट काढतो, आणि सगळी जागा आवाजाने भरून टाकली जाते. ही दोन टोके जोडण्याचे प्रयत्न फार लवकर सुरू झाले. हेलहॅमर या स्विस बँडच्या १९८४ सालच्या छोट्या ध्वनिमुद्रणात वेगवान गाण्यांच्या सोबतीला नऊ मिनिटांहून लांब असे एक रांगणारे, भेसूर गाणे होते. न्यूयॉर्कच्या विंटर या बँडने १९९० मध्ये संथपणा टोकाला नेला. त्याच सुमारास उत्तर इंग्लंडमधील ड्यूझबरीच्या पीसव्हिल रेकॉर्ड्सने पॅराडाइज लॉस्ट, माय डाइंग ब्राइड आणि अ‍ॅनाथेमा या तीन बँडना हात दिला आणि या शैलीला तिचे आजचे रूप मिळाले. पॅराडाइज लॉस्टमध्ये ग्रेगर मॅकिंटॉशच्या गिटारने गुरगुराटावर तरंगणारी शोकमय धून आणली, तर माय डाइंग ब्राइडमध्ये मार्टिन पॉवेलचे व्हायोलिन आले. याचे कारण केवळ सजावटीचे नव्हते. गुरगुराटाला ठाम स्वर नसतो, त्यामुळे गाण्याची धून सांभाळण्याची जबाबदारी गायकाकडून निघून दुसऱ्या कुणाकडे तरी जावीच लागते.

या इतिहासातील एक गोष्ट प्रस्तुत प्रकरणाला थेट लागू पडते. या शैलीचे बरेचसे महत्त्वाचे काम छोट्या ध्वनिमुद्रणांवरच झाले आहे. माय डाइंग ब्राइडची १९९१ सालची पहिली ईपी तिच्या ११ मिनिटांहून लांब शीर्षकगीतावर उभी आहे, आणि अ‍ॅनाथेमाच्या १९९२ च्या ईपीत पाच गाणी असून त्यांपैकी एक केवळ साध्या गिटारवर स्त्रीच्या आवाजात गायलेले, तीन मिनिटांहूनही लहान आहे. म्हणजे अवधी थोडा असल्याने काम हलके होते असे मुळीच नाही. उलट अल्बममध्ये पन्नास मिनिटे मिळतात, एखादा सांधा कच्चा राहिला तरी पुढची गाणी ते भरून काढतात. ईपीला ती सवलत नाही.

पहिले गाणे : तीन मिनिटे चाळीस सेकंदांवरची भेग

पहिले गाणे सात मिनिटे दहा सेकंदांचे आहे. गिटार बी स्वरापर्यंत उतरवलेली आहे, म्हणजे सर्वांत जाड तार सुमारे ६२ हर्ट्झवर कंप पावते. लय मिनिटाला ४८ ठोके. अशा लयीत एक ठोका सव्वा सेकंदाचा, चार ठोक्यांचे एक आवर्तन पाच सेकंदांचे, आणि चार आवर्तनांची एक रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, वीस सेकंदांची होते. ही रिफ सहा वेळा वाजते आणि बरोबर दोन मिनिटांनी गायकाचा पहिला आवाज येतो. सुरुवातीला इतका धीर धरणे मला आवडले. नवे बँड श्रोता निघून जाईल या भीतीने घाई करतात, या चौघांनी ती केली नाही.

गायन सुरू झाल्यावर रिफ आणखी पाच वेळा येते. तीन मिनिटे चाळीस सेकंदांवर सगळे एकदम थांबतात, स्नेअरवर (तीक्ष्ण आवाजाच्या छोट्या ड्रमवर) एक छोटी लड वाजते, आणि पूर्ण वेगात ब्लास्ट बीट सुरू होतो. पहिल्या रात्री मी या ठिकाणी दचकलो आणि ते दचकणे मला प्रभावी वाटले. पुढच्या खेपांना मात्र दचकणे ओसरले आणि त्याच्या खाली काहीही उरले नाही. संथ भागात जे स्वर होते त्यांच्याशी वेगवान भागातील स्वरांचे नाते नाही. संथ भागाने जो ताण साठवला होता तो वेगवान भागात फुटत नाही, तो वाऱ्यावर सोडला जातो. दीड मिनिटाने पुन्हा तसाच थांबा, पुन्हा ती संथ रिफ, आणि तिच्यात काही बदल नाही. मधल्या वादळाची एकही खूण तिच्यावर राहिलेली नसते. ते दीड मिनिट कापून टाकले तरी गाण्याला कळणार नाही, असे माझ्या टिपणात लिहिलेले आहे आणि त्या वाक्यावर मी आजही ठाम आहे.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. अचानक वेग बदलणे हा दोष कसा? अमेरिकेतील ऑटोप्सी या बँडचा १९९१ चा दुसरा अल्बम अशा धक्क्यांनी भरलेला आहे आणि तो या शैलीतील उत्तम कामांमध्ये गणला जातो. हे खरे आहे. परंतु ऑटोप्सीमध्ये ख्रिस राइफर्ट स्वतः ड्रम वाजवतो आणि स्वतःच गातो, आणि त्याच्या वाजवण्यात मुळातच एक लडखडणे आहे. संथ भाग चालू असतानाही हे सगळे आता कोसळेल असे वाटत राहते, त्यामुळे वेग आला की जे व्हायचेच होते ते झाले असा अनुभव येतो. धक्क्याची तयारी आधीच्या वाजवण्यात दडलेली असते. आपल्या ईपीतील ड्रमर याच्या उलट प्रकृतीचा आहे. तो काटेकोर आहे, त्याचा प्रत्येक ठोका जागच्या जागी पडतो. अशा वादकाच्या हातून आलेला अचानक बदल दोन वेगळ्या ध्वनिफिती चिकटवल्यासारखा ऐकू येतो. हे सामर्थ्य कमी असल्याचे लक्षण नाही. त्याच्या प्रकृतीला वेगळ्या प्रकारचा सांधा हवा, आणि तो त्याने तिसऱ्या गाण्यात करून दाखवला आहे.

दुसऱ्या गाण्याविषयी थोडक्यात सांगतो. चार मिनिटे वीस सेकंदांचे हे सरळ डेथ मेटल आहे, त्यात संथपणा औषधापुरताही नाही. ते नेटके वाजवलेले आहे, त्याच्या मध्यभागी दोन गिटारांची एक छान सवाल-जवाबाची ओळ आहे, आणि दुसऱ्या एखाद्या ध्वनिमुद्रणावर ते मला आवडले असते. येथे ते पहिल्या गाण्यातील फसलेला वेगवान भाग लांबवून पुन्हा ऐकवल्यासारखे वाटते आणि तिसऱ्या गाण्याच्या वाटेत उभे राहते.

तिसरे गाणे : वेग कुठून येतो

साडेदहा मिनिटांचे हे गाणे मी स्वतंत्रपणे किती वेळा ऐकले याची मोजदाद ठेवलेली नाही. त्याची लय मिनिटाला ५४ ठोके आहे, म्हणजे पहिल्यापेक्षा किंचित पुढची. सगळे गाणे तीन उतरत्या स्वरांवर उभे आहे. पहिला स्वर लांब, दुसरा त्याच्या निम्मा, आणि तिसरा इतका लांबवलेला की तो विरत असताना बेस गिटार त्याच्या खालून हळूच सरकून पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या स्वरावर जाऊन थांबते. पाच मिनिटे हे चालते. गायक येतो, जातो, दुसरी गिटार त्या तीन स्वरांच्या वर एक पातळ धून ठेवते, परंतु खालची उतरण बदलत नाही.

पाच मिनिटे दहा सेकंदांवर ड्रमर उजव्या हाताने राइड झांजेवर दुप्पट ठोके धरतो. फक्त झांज. गिटार जशी होती तशीच, गायक शांत. पहिल्यांदा ऐकताना हा बदल माझ्या लक्षातही आला नाही, फक्त खोलीतील हवा जराशी ताणल्यासारखी वाटली. चार आवर्तनांनंतर पाय जागे होतात आणि डबल किक, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवलेला मोठा ड्रम, त्या संथ ठोक्याच्या चौपटीत चालू लागते. गिटार अजूनही त्याच तीन स्वरांवर, त्याच चालीने उतरत असते, म्हणजे वरचे शरीर संथ आणि खालचे पाय धावणारे अशी अवस्था होते. आणखी चार आवर्तने जातात. त्यानंतर डाव्या बाजूची गिटार त्या लांब स्वरांना थरथरते करते. स्वर तेच, त्यांचा कालावधी तोच, फक्त आतून ते उकळू लागलेले. शेवटच्या चार आवर्तनांत उजवी गिटार तिला मिळते, आणि सहा मिनिटांच्या जरासे पुढे स्नेअर आत आला की आपण पूर्ण डेथ मेटलमध्ये असतो. तो नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला हे बोट ठेवून सांगता येत नाही.

एवढी बारा आवर्तने, साधारण ५३ सेकंद. या ईपीची सगळी गुणवत्ता माझ्या मते या ५३ सेकंदांत एकवटलेली आहे. वेग बाहेरून आणून टाकलेला नाही, तो संथपणाच्या पोटातून निघाला आहे. ज्या दुःखाने पाच मिनिटे मान खाली घातली होती त्यालाच आता संताप आला आहे, असे ऐकणाऱ्याला कळते, आणि हे कळण्यासाठी गायकाचा एक शब्दही समजावा लागत नाही. परतीचा मार्गही तितकाच विचारपूर्वक आहे. आधी स्नेअर जातो, मग गिटारांचा थरार, मग पाय, आणि सर्वांत शेवटी राइड झांजेचा तो दुप्पट ठोका एकटा उरतो. तो थांबल्यावर दोन ठोक्यांची शांतता आहे. मग मूळ उतरण परत येते, पण आता तिसरा स्वर एका अर्धस्वराने आणखी खाली गेलेला असतो. पहिल्या गाण्यात जी खूण राहिली नाही म्हणून मी तक्रार केली, ती खूण येथे एका अर्धस्वराने उमटवली आहे.

डिसेम्बॉवलमेंट या मेलबर्नच्या बँडने १९९३ च्या आपल्या एकमेव अल्बममध्ये अतिवेग आणि अतिसंथपणा एकाच गाण्यात नांदवून दाखवले होते, आणि या चौघांनी तो अल्बम ऐकला असावा असा माझा अंदाज आहे. परंतु हा सांधा त्यांचा स्वतःचा आहे.

मोजमाप

इथवर जे लिहिले ते कानाने ठरवलेले होते. माझा एक मित्र गेली अनेक वर्षे ड्रम वाजवतो. त्याला मी दोन्ही गाणी ऐकवली आणि माझे म्हणणे न सांगता फक्त विचारले की फरक काय जाणवतो. त्याने टेबलावर बोटांनी ताल धरला, पहिल्या गाण्याच्या बदलापाशी त्याची बोटे अडखळली, तिसऱ्या गाण्याच्या बदलातून ती न थांबता पार गेली. तो म्हणाला, "अरे, याचं गणित बघ. तिसऱ्यात वेगाचा ठोका संथ ठोक्याच्या बरोबर चौपट आहे. पहिल्यात तो कशाच्याच पटीत बसत नाही."

आम्ही मोजून पाहिले. तिसऱ्या गाण्यात संथ लय ५४ आणि वेगवान लय २१६, म्हणजे नेमकी चौपट. श्रोता मनातल्या मनात जो ठोका मोजत असतो तो वेग वाढल्यावरही चालू राहतो, प्रत्येक चौथा वेगवान ठोका त्याच्या जुन्या ठोक्यावर येऊन बसतो. पहिल्या गाण्यात संथ लय ४८ आणि वेगवान लय २१०. चौपट असती तर १९२ यायला हवी होती. हे चार वादक दोन भाग वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या क्लिकवर (लय धरण्यासाठी कानात वाजणाऱ्या टकटकीवर) वाजवून नंतर जोडत असावेत असा माझा तर्क आहे, आणि मधला थांबा व स्नेअरची लड ही तो जोड झाकण्यासाठी घातलेली पट्टी असावी.

मला हे निरीक्षण फार मोलाचे वाटले, तरी त्यावर सगळा भार टाकता येत नाही. पटीत न बसणारे वेगबदल करणारी उत्तम गाणी आहेत, ऑटोप्सीचे उदाहरण वर आलेच आहे. पट जुळणे हा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे. मात्र काटेकोर वाजवणाऱ्या बँडला हा मार्ग सर्वांत जवळचा आहे एवढे नक्की म्हणता येईल.

ध्वनीचा प्रश्न

रचनेइतकीच माझी तक्रार ध्वनीविषयी आहे, आणि ती चारही गाण्यांना लागू होते. पहिल्या गाण्याची फाइल मी संगणकावर ध्वनिसंपादकात उघडली तेव्हा संथ भाग आणि ब्लास्टचा भाग यांच्या तरंगांची उंची जवळजवळ सारखी दिसली. मास्टरिंगच्या, म्हणजे ध्वनिमुद्रणावर शेवटचा हात फिरवण्याच्या, वेळी आवाज एकूण मोठा करण्यासाठी शिखरे दाबली जातात आणि मग सगळेच वर उचलले जाते. वेगवान डेथ मेटलचे यात फारसे बिघडत नाही, कारण तिथे मुळातच रिकामी जागा नसते. डूममध्ये मात्र यामुळे मूळ वस्तूलाच धक्का लागतो. सव्वा सेकंदाच्या ठोक्यात स्वराने आधी आघात करायचा आणि मग विरायचे असते. शिखर दाबले आणि शेपूट उचलले की आघात बोथट होतो आणि विरणे थांबते. पुढचा घाव मग घावासारखा लागत नाही, कारण मागचा अजून तितक्याच जोरात उभा असतो.

याचा सर्वांत दुःखद परिणाम तिसऱ्या गाण्यात होतो. ज्या दोन ठोक्यांच्या शांततेचे मी वर कौतुक केले, तिथे हेडफोन लावून ऐकले तर अ‍ॅम्प्लिफायरची गूंज हळूहळू फुगत मोठी होताना ऐकू येते. दाबणारे यंत्र शांतता सापडताच आपली पकड सोडते आणि जे काही शिल्लक आहे ते वर येते. दोन सेकंदांची ती जागा पूर्ण मोकळी असती तर त्यानंतरचा खाली गेलेला अर्धस्वर किती खोल वाटला असता, हा विचार मला प्रत्येक वेळी सतावतो.

बेसविषयीही एक बाब नोंदवायला हवी. गिटार ६२ हर्ट्झवर असताना बेसची सर्वांत जाड तार तिच्या एक सप्तक खाली, सुमारे ३१ हर्ट्झवर जाते. छोट्या स्पीकरमधून तो मूळ स्वर येतच नाही, फक्त त्याच्या वरच्या स्वरांशांवरून, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या उंच स्वरांवरून, कान तो ओळखतो. मित्राने सुरुवातीला ईपी फोनच्या स्पीकरवर ऐकली होती आणि तिसऱ्या गाण्यातील बेसची ती सरकण त्याला ऐकूच आली नव्हती. बेसला थोडी कर्कश धार दिली असती, म्हणजे तिचे वरचे स्वरांश गिटारच्या गर्दीतून वर काढले असते, तर ती कुठेही ऐकू आली असती. इतकी सुंदर गोष्ट वाजवून ती मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र करताना, पुरली गेली याची मला खंत वाटते.

चौथ्या गाण्यावरून झालेला मतभेद

चौथे गाणे चार मिनिटे चाळीस सेकंदांचे आहे. स्वच्छ, विकृती (डिस्टॉर्शन) नसलेली गिटार, मागे कीबोर्डचा एक लांब स्वर, आणि वर कुजबुजत बोललेले शब्द. डेथ-डूममध्ये असे शांत तुकडे नवे नाहीत. माझ्या पहिल्या टिपणात मी त्याला वेळ भरण्यासाठी जोडलेला तुकडा म्हटले होते.

मित्राला हे मान्य नव्हते. त्याच्या मते हे चौथे गाणे तिसऱ्याचाच शेवट आहे, कारण गिटार तेच तीन स्वर उलट्या क्रमाने, खालून वर वाजवते. मी परत जाऊन स्वर लिहून काढले. त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि त्यातही तिसऱ्या गाण्याच्या अखेरीस जो अर्धस्वर खाली गेला होता तेथूनच ही चढण सुरू होते. हे माझ्या कानातून निसटले होते आणि त्या गाण्याविषयीचे माझे पहिले मत मी मागे घेतले आहे.

तरीही माझा आक्षेप पूर्णपणे मिटलेला नाही. तिसरे गाणे संपताना आवाज हळूहळू मंद करत नेला आहे, त्यानंतर चार सेकंदांची रिकामी जागा आहे, आणि मग चौथे सुरू होते. म्हणजे जे एकाच दमात यायला हवे होते त्याच्यामध्ये बँडने स्वतःच दार बंद केले आहे. मी दोन्ही फाइली जोडून, मधली रिकामी जागा काढून आणि तिसऱ्याचा मंद होत जाणारा शेवट कापून, उरलेल्या शेवटच्या खर्जाच्या स्वरावर चौथ्याचा पहिला स्वर ठेवून ऐकले. ते पंधरा मिनिटांचे एकच गाणे होते आणि ते अत्यंत प्रभावी होते. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर ते सहज मावले असते. या बँडने तेवढेच प्रसिद्ध केले असते तर मी कोणतीही कुरबूर न करता ते गेल्या काही वर्षांतील माझ्या आवडत्या ध्वनिमुद्रणांत ठेवले असते.

एक प्रयोग

प्रकरण बंद करण्याआधी पहिल्या गाण्याला न्याय द्यावा असे आम्हा दोघांना वाटले. माझा दावा असा होता की दोष स्वरांत नसून सांध्यात आहे, आणि दावा तपासून पाहता येण्यासारखा होता. मित्राकडे इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच आहे. तीन मिनिटे वीस सेकंदांपासून तीन मिनिटे चाळीस सेकंदांपर्यंत, म्हणजे रिफच्या अकराव्या आणि शेवटच्या फेरीवर, त्याने राइडचे दुप्पट ठोके वाजवले आणि अखेरच्या दोन आवर्तनांत त्याखाली किक आणली. मधला थांबा आणि स्नेअरची लड मी कापली. वेगवान भाग स्वराची उंची न बदलता २१० वरून १९२ वर आणला.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्ही दोघेही काही बोललो नाही. सांधा जुळला होता. वीस सेकंदांच्या त्या तयारीमुळे ब्लास्ट बीट आला तेव्हा तो त्याच गाण्यातून आलेला वाटला, आणि स्वरांचे नाते नसूनही कानाने ते काही प्रमाणात मान्य केले. पण दुसऱ्यांदा ऐकताना एक गोष्ट लक्षात आली जी मी आधी गृहीत धरली नव्हती. १९२ वर त्या भागातील हिंस्रपणा बराच कमी झाला होता. वेगवान रिफची जी वाकडी, खेचणारी चाल २१० वर अंगावर येत होती ती आता शिस्तीत चालत होती. सांधा मिळाला आणि धार गेली.

मित्राचे म्हणणे असे की मग संथ भागच थोडा पुढे न्यायला हवा होता, साडेबावन्नवर, म्हणजे चौपट २१० येते. ते आम्ही करून पाहिले. सव्वा सेकंदाचा ठोका किंचित आखडला, सुरुवातीच्या त्या दोन मिनिटांच्या धीराला ओझरता धक्का लागला, आणि तरीही हाच पर्याय मला तिन्हींमध्ये सर्वांत चांगला वाटला. मित्राला मात्र ते ऐकल्यावर मूळ ४८ ची सुरुवातच हवी आहे. ती फाइल आम्ही दोघांनी आपापल्या संगणकावर वेगवेगळ्या लयीत ठेवली आहे, आणि बँडच्या पुढच्या ध्वनिमुद्रणात तो ड्रमर यांपैकी कोणता मार्ग घेतो हे ऐकण्याची मी वाट पाहत आहे.